रक्त परत आलं आणि पेशी मेली: मायटोकॉन्ड्रियाच्या छिद्राची एक केस

हार्ट अटॅकमध्ये स्नायूच्या पेशी मरतात त्या रक्त थांबल्यामुळे, असं आपण सगळेच धरून चालतो. ते खोटं नाही, पण अर्धवट आहे. बऱ्याच पेशी रक्त बंद असताना जिवंत असतात, कशाबशा तग धरून असतात, आणि मरतात त्या धमनी उघडून रक्त परत आल्यावर, पहिल्या काही मिनिटांत. प्राण्यांवरच्या प्रयोगांवरून असा अंदाज आहे की शेवटी हृदयाचा जेवढा भाग मरतो त्यातला अर्ध्यापर्यंतचा वाटा या परतीच्या रक्ताचा असू शकतो. आणि हा निकाल लागतो कुठे, तर मायटोकॉन्ड्रियाच्या, म्हणजे पेशीला ऊर्जा बनवून देणाऱ्या छोट्या भागांच्या, आतल्या पडद्यावर, एका छिद्रापाशी. म्हणून ही एकच परिस्थिती सुरुवातीपासून शेवटपर्यंत नीट बघू, कारण छिद्र म्हणजे पेशीचा मृत्यू एवढ्यावर विषय सोडून देणं मला तरी पटत नाही.

केस अशी. हृदयाच्या पुढच्या भिंतीला रक्त देणारी डावी धमनी, जिला डॉक्टर लोक एलएडी म्हणतात, ती वरच्या टोकालाच गुठळीने पूर्ण बंद झाली. साधारण दीड तासाने कॅथलॅबमध्ये वायर आत गेली, बलून फुगवला, स्टेंट बसला, रक्त वाहायला लागलं, स्क्रीनवर सगळं छान दिसलं. हा कोणी एक ठराविक पेशंट नाही, रोज घडणारी परिस्थिती आहे. आपण त्यातली एकच पेशी धरून चालू. अगदी आतल्या थरातली नाही, कारण रायमर आणि जेनिंग्ज यांनी १९७७ मध्ये कुत्र्यांवरच्या प्रयोगात दाखवलं होतं की मरण आतल्या थरापासून सुरू होऊन तासागणिक बाहेर सरकत जातं, म्हणजे आतली पेशी दीड तासात बहुतेक गेलेलीच असते. आणि अगदी बाहेरच्या कडेची पण नाही, ती वाचेल. आपली पेशी मधल्या पट्ट्यातली, जी इकडे पण जाऊ शकते आणि तिकडे पण.

अटॅकच्या आधी या पेशीत काय होतं ते आधी बघू, नाहीतर पुढचं कळणार नाही. हृदयाच्या स्नायूपेशीचा जवळजवळ एक तृतीयांश भाग नुसता मायटोकॉन्ड्रियाने भरलेला असतो, आणि लागतोच तेवढा, कारण हृदय दिवसभरात साधारण ६ किलो एटीपी (पेशीचं ऊर्जेचं चलन) बनवतं आणि लगेच वापरून टाकतं. त्यांना पडदे दोन. बाहेरच्या पडद्यात व्हीडॅक नावाच्या प्रथिनाची छिद्रं असतात आणि साधारण ५००० डाल्टन (रेणूच्या वजनाचं एकक) पर्यंतचे रेणू त्यातून आरामात ये-जा करतात, त्यात काही धोका नाही, तो रोजचा रस्ता आहे. आतला पडदा मात्र कडक, प्रोटॉनसुद्धा फुकट आत जाऊ शकत नाही. श्वसनसाखळी, म्हणजे ऑक्सिजन वापरणारी या पडद्यातल्या प्रथिनांची रांग, प्रोटॉन बाहेर ढकलत राहते आणि त्यामुळे आतल्या पडद्यावर १५० ते १८० मिलिव्होल्टचा विजेचा दाब तयार होतो. आकडा किरकोळ वाटतो, पण पडदा जेमतेम ५-६ नॅनोमीटर जाड आहे, त्यामुळे हिशोब केला तर मीटरमागे तीनेक कोटी व्होल्ट येतात! पीटर मिचेलने १९६१ मध्ये हीच कल्पना मांडली होती की एटीपी या दाबावरच बनतं, आणि १९७८ मध्ये त्याला त्यासाठी नोबेल मिळालं. म्हणजे आतल्या पडद्याला मोठं भोक पडलं की दाब गेला, आणि दाब गेला की एटीपी गेलं. पुढची सगळी गोष्ट याच्यावरच उभी आहे.

पहिले नव्वद मिनिट

रक्त थांबलं की ऑक्सिजन थांबतो आणि मिनिटभराच्या आतच तो भाग आकुंचन पावणं जवळपास बंद करतो. पेशी ग्लायकोजेन जाळून विनाऑक्सिजन थोडं एटीपी काढते, त्यातून लॅक्टिक आम्ल साठतं, आणि पेशीचा पीएच सातच्या वर असतो तो साडेसहाच्या आसपास किंवा त्याखालीही जातो. त्यात अजून एक गंमतीशीर पण वाईट गोष्ट होते. एटीपी बनवणारं यंत्र, एटीपी सिंथेज, उलटं फिरायला लागतं, म्हणजे पडद्यावरचा दाब टिकवायला ते आहे तेवढं एटीपीच खायला लागतं. पेशीकडे त्याला लगाम घालणारं एक छोटं प्रथिन आहे, पण तो लगाम पूर्ण नसतो.

आम्ल बाहेर टाकण्यासाठी पेशी प्रोटॉनच्या बदल्यात सोडियम आत घेते. सोडियम बाहेर काढणाऱ्या पंपाला एटीपी लागतं आणि ते तर संपत आलेलं, मग सोडियम साठतं. सोडियम साठलं की सोडियम-कॅल्शियमची अदलाबदल करणारं प्रथिन उलट्या दिशेने चालायला लागतं आणि कॅल्शियम आत येतं. निरोगी पेशीत धडधडीच्या मधल्या विश्रांतीत मोकळं कॅल्शियम बाहेरच्यापेक्षा साधारण दहा हजार पटीने कमी असतं, एवढा फरक राखायला पेशी सतत खर्च करत असते, आणि आता तोच फरक हळूहळू ढासळतोय.

आता प्रश्न असा की कॅल्शियम वाढलंय, फॉस्फेट वाढलंय, एटीपी आणि त्याचं वापरलेलं रूप एडीपी कमी झालंय, म्हणजे आतल्या पडद्यातलं ते छिद्र उघडायला लागणारी सगळी तयारी झाली, मग छिद्र उघडत का नाही? कारण आम्ल. पीएच सातच्या खाली गेला की हे छिद्र बंद राहतं. म्हणजे जे लॅक्टिक आम्ल आपण नुकसानीचं लक्षण समजतो तेच या पेशीला नव्वद मिनिट वाचवून ठेवतं, आणि मला या सगळ्या प्रकरणात सगळ्यात जास्त भिडणारा भाग हाच वाटतो.

पहिली पाच-दहा मिनिटं

स्टेंट बसला, ताजं रक्त आलं. ताज्या रक्ताने तीन गोष्टी एकदम केल्या.

एक म्हणजे आम्ल धुवून टाकलं. बाहेरचा पीएच लगेच नॉर्मल झाल्याने पेशी जोरात प्रोटॉन बाहेर टाकते, तेवढंच सोडियम आत, त्याच्या मागे कॅल्शियमची अजून एक लाट, आणि काही मिनिटांत पेशीचा पीएच परत सातच्या वर. छिद्रावरचं संरक्षण गेलं.

दुसरं म्हणजे ऑक्सिजन आला, आणि तो अशा मायटोकॉन्ड्रियात आला जिथे सक्सिनेट नावाचं इंधन साठून बसलेलं होतं. २०१४ मध्ये चौचानी आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की रक्त बंद असताना सक्सिनेट साठत जातं आणि ऑक्सिजन मिळताच ते एवढ्या वेगाने जळतं की इलेक्ट्रॉन श्वसनसाखळीत उलटे, तिच्या पहिल्या टप्प्याकडे, कॉम्प्लेक्स एककडे, ढकलले जातात आणि तिथून सुपरऑक्साइड या घातक ऑक्सिजन-रेणूचा लोंढा निघतो. हे ऑक्सिडेटिव्ह घटक छिद्राला उघडायला अजून सोपं करतात.

तिसरी गोष्ट सगळ्यात साधी दिसते पण घात तिथेच आहे. ऑक्सिजन आल्यामुळे पडद्यावरचा दाब परत तयार होतो, आणि तो दाबच पेशीत साठलेलं कॅल्शियम मायटोकॉन्ड्रियाच्या आत ओढून घेतो. म्हणजे मायटोकॉन्ड्रिया कामाला लागला, आणि कामाला लागला म्हणूनच त्याच्यात कॅल्शियम भरलं.

आणि मग छिद्र उघडतं. त्यातून १५०० डाल्टनपर्यंतचं सगळं जातं. एटीपी साधारण ५०७ डाल्टन, एनएडीएच ६६० च्या आसपास, ग्लुकोज १८०, मीठ-पाणी-प्रोटॉन तर विचारूच नका. मोठी प्रथिनं मात्र आतच राहतात आणि त्यांच्या ऑस्मोसिसमुळे पाणी आत शिरतं. आतल्या पडद्याला भरपूर घड्या असतात म्हणून तो उलगडत उलगडत फुगू शकतो, बाहेरच्या पडद्याला तेवढ्या घड्या नाहीत, तो फाटतो. दाब शून्य, एटीपी बनणं बंद, वर एटीपी सिंथेज परत उलटं फिरून उरलेलं एटीपी पण जाळतंय. अर्ध्या-अधिक मायटोकॉन्ड्रियात हे झालं तर पेशी कॅल्शियम आवरू शकत नाही, स्नायूचे धागे घट्ट आकसून बसतात, पेशीचं आवरण फाटतं आणि आतली प्रथिनं रक्तात सांडतात. आपण रक्ततपासणीत ट्रोपोनिन आणि सीके वाढलेलं बघतो ना, ते हेच. हे नेक्रोसिस आहे, म्हणजे फुटून मरणं.

हे खरंच असंच होतं हे कशावरून

१९७९ मध्ये हंटर आणि हॅवर्थ यांनी हृदयाच्या मायटोकॉन्ड्रियावर काम करताना कॅल्शियमने उघडणारं, परत बंद होऊ शकणारं आणि १५०० डाल्टनच्या आसपास मर्यादा असलेलं हे छिद्र व्यवस्थित मांडलं. पण टेस्टट्यूबमधल्या मायटोकॉन्ड्रियात होतं म्हणजे धडधडत्या हृदयात होतं असं नाही, आणि बरीच वर्षं लोकांनी त्याला प्रयोगातली किरकोळ गडबड समजून सोडून दिलं होतं.

ग्रिफिथ्स आणि हॅलस्ट्रॅप यांनी मग एक फार सुंदर युक्ती काढली. उंदराच्या जातीच्या रॅटचं हृदय बाहेर काढून त्यातून द्रव सोडत चालू ठेवायचं, आणि त्या द्रवात किरणोत्सारी डीऑक्सीग्लुकोज घालायचं. पेशी ते ग्लुकोज समजून आत घेते, त्याला फॉस्फेट लावते, पण पुढे जाळू शकत नाही, म्हणून ते पेशीत अडकून पडतं. आतल्या पडद्यातून ते मायटोकॉन्ड्रियात जाऊच शकत नाही, फक्त छिद्र उघडलं तरच जातं. मग मायटोकॉन्ड्रिया वेगळे काढायचे आणि त्यांच्यात किती किरणोत्सार आहे ते मोजायचं, बस. १९९५ च्या त्यांच्या पेपरचा निष्कर्ष स्पष्ट होता: रक्त बंद असताना छिद्रं बंद राहतात, रक्त परत आल्यावर उघडतात. आणि याच पद्धतीने नंतर हेही दिसलं की जी हृदयं चांगली सावरतात त्यांच्यात एकदा उघडलेली बरीच छिद्रं परत बंद होतात. म्हणजे उघडलं म्हणून सगळं संपलं असं नसतं, किती मायटोकॉन्ड्रियात उघडलं आणि किती वेळ उघडं राहिलं यावर आपल्या मधल्या पट्ट्यातल्या पेशीचं नशीब ठरतं.

दुसरा पुरावा जनुकांचा. सायक्लोस्पोरिन, जे अवयव प्रत्यारोपणानंतर शरीराने नवा अवयव नाकारू नये म्हणून देतात, ते या छिद्राला अडवतं हे ऐंशीच्या दशकाच्या शेवटी क्रॉम्प्टन आणि इतरांनी दाखवलं होतं. ते धरतं सायक्लोफिलिन डी नावाच्या प्रथिनाला, जे छिद्र उघडायला मदत करतं. २००५ मध्ये चार वेगवेगळ्या गटांनी हे प्रथिन नसलेल्या उंदरांवरचं काम छापलं. या उंदरांचे मायटोकॉन्ड्रिया कॅल्शियम जास्त सहन करतात, आणि हृदयाचं रक्त थांबवून परत सोडलं तर मेलेला भाग खूपच कमी निघतो.

पण याच उंदरांनी अजून एक गोष्ट सांगितली आणि ती लोक नेहमी विसरतात. त्यांच्या पेशींना स्टॉरोस्पोरिन किंवा इटोपोसाइड ही पेशी मारणारी रसायनं दिली तर त्या नेहमीसारख्याच अपॉप्टोसिसने मरतात, काही फरक पडत नाही. म्हणजे शिस्तीत, आवरून-सावरून मरण्याचा जो मार्ग आहे त्याला हे आतलं छिद्र लागतच नाही. त्या मार्गाची छिद्रं बाहेरच्या पडद्यात असतात आणि ती बॅक्स आणि बॅक ही प्रथिनं बनवतात. त्यातून सायटोक्रोम सी बाहेर येतं, साधारण १२ हजार डाल्टनचं, म्हणजे आतल्या छिद्राच्या मर्यादेच्या कितीतरी वर. शाओडाँग वाँग यांच्या लॅबने १९९६ मध्ये दाखवलं की हे सायटोक्रोम सी बाहेर पडून पेशी आतून मोडणाऱ्या कॅस्पेज एन्झाइम्सची साखळी सुरू करतं. हा मार्ग चालायला एटीपी लागतं, आणि आतलं छिद्र उघडलेल्या पेशीत एटीपीच नसतं.

त्यामुळे कोणी मायटोकॉन्ड्रियाचं छिद्र एवढंच म्हणालं की पहिला प्रश्न हाच विचारायचा, कोणत्या पडद्याचं? बाहेरच्या पडद्याच्या बाजूने औषध बनवणं जमलंय सुद्धा, व्हेनेटोक्लॅक्स हे बॅक्स-बॅकला रोखून धरणाऱ्या बीसीएल-२ या प्रथिनाला अडवून कॅन्सरच्या पेशीत बॅक्स-बॅकला मोकळं सोडतं आणि २०१६ मध्ये एका प्रकारच्या रक्ताच्या कॅन्सरसाठी अमेरिकेत मंजूर झालं. तिथे पेशी मारायची आहे, इथे वाचवायची आहे, आणि पडदा पण वेगळा.

उपचार करून बघितला तेव्हा

एवढं सगळं हातात असताना पुढची पायरी उघडच होती. २००८ मध्ये फ्रान्समध्ये पियो आणि सहकाऱ्यांनी अटॅकच्या ५८ पेशंटमध्ये अँजिओप्लास्टीच्या जरा आधी किलोमागे २.५ मिलिग्रॅम सायक्लोस्पोरिन शिरेतून देऊन बघितलं. रक्तात सांडलेलं सीके साधारण ४० टक्क्यांनी कमी आलं. ट्रोपोनिनमधला फरक मात्र ठाम म्हणण्याइतका नव्हता. ज्या २७ जणांचा एमआरआय झाला त्यांच्यात पाचव्या दिवशी मेलेल्या भागाचं वजन सायक्लोस्पोरिनवाल्यांत ३७ ग्रॅम आणि बाकीच्यांत ४६ ग्रॅम. छोटा अभ्यास, पण निकाल आशा वाटावी असा.

मग २०१५ मध्ये सर्कस नावाची मोठी ट्रायल आली, ९७० पेशंट, सगळे पुढच्या भिंतीच्या अटॅकचे, म्हणजे अगदी आपल्या केससारखे. वर्षभरात मृत्यू, हार्ट फेल्युअर बळावणं, त्यासाठी परत ॲडमिट व्हावं लागणं किंवा डावा कप्पा पसरणं, यातलं काहीतरी झालेले सायक्लोस्पोरिन गटात ५९.० टक्के आणि दुसऱ्या गटात ५८.१ टक्के. काहीच फरक नाही. पुढच्या वर्षी इटलीतली ४१० पेशंटची सायकल ट्रायल, तिथेही फायदा दिसला नाही.

यावरून बरेच जण म्हणाले की छिद्राची थिअरीच चुकली. मला हे मान्य नाही, आणि कारणं सांगतो.

पहिलं म्हणजे सायक्लोस्पोरिन छिद्र बंद करत नाही, ते उघडायला लागणारी कॅल्शियमची पातळी फक्त वर सरकवतं. सायक्लोफिलिन डी अजिबात नसलेल्या उंदरातही कॅल्शियम पुरेसं वाढवलं की छिद्र उघडतंच. दीड तास किंवा त्याहून जास्त वेळ रक्त बंद असलेल्या माणसाच्या हृदयात कॅल्शियम त्या वर सरकवलेल्या रेषेच्याही पुढे जात असेल तर औषध हरणारच.

दुसरं, वेळ. छिद्र उघडतं पहिल्या काही मिनिटांत, आणि औषध त्या बंद धमनीच्या पलीकडे पोचतं कशाने, तर त्याच परत येणाऱ्या रक्ताने. म्हणजे औषध आणि घात एकाच गाडीतून येतात, औषधाला पेशीत शिरून, मायटोकॉन्ड्रियात जाऊन, सायक्लोफिलिनला चिकटायचंय आणि तोपर्यंत पीएच वर गेलेला असतो. प्रयोगात उंदराला हे प्रथिन जन्मापासून नसतं, तिथे हा प्रश्नच येत नाही. दोन्हीची तुलना सरळ करताच येणार नाही.

तिसरं म्हणजे पेशंट. प्रयोगातले प्राणी तरुण, निरोगी, आणि खऱ्या आयुष्यात येणारा माणूस वयस्क, डायबेटिस असलेला, स्टॅटिन आणि रक्त पातळ करणाऱ्या चार गोळ्यांवर. डुकरांवरच्या प्रयोगांतही सायक्लोस्पोरिनचे निकाल सारखे येत नव्हते, त्याकडे जास्त गांभीर्याने बघायला हवं होतं असं मला वाटतं. शिवाय सायक्लोस्पोरिन पेशीत बाकी पण बऱ्याच ठिकाणी हात घालतं, कॅल्सिन्युरिन नावाचं एन्झाइम अडवतं, दुसरी सायक्लोफिलिन्स अडवतं, ते एका छिद्रापुरतं औषध नाहीच.

आणि औषधाशिवाय हेच करायचा प्रयत्नही झाला. २००३ मध्ये व्हिंटन-जोहान्सन यांच्या गटाने कुत्र्यांमध्ये धमनी उघडल्यावर लगेच ३० सेकंद रक्त सोडायचं, ३० सेकंद थांबवायचं, असं तीनदा केलं आणि मेलेला भाग बराच कमी झाला. यात आम्ल हळूहळू धुतलं जातं, छिद्रावरचं संरक्षण अजून थोडी मिनिटं टिकतं, असं त्याचं एक पटणारं स्पष्टीकरण आहे, आणि प्राण्यांच्या हृदयात सुरुवातीची काही मिनिटं मुद्दाम आम्लधर्मी द्रव सोडला तरी फायदा दिसतो. माणसांत बलून तसाच फुगवून-सोडवून केलेल्या मोठ्या ट्रायलमध्ये मात्र पेशंटना ठाम फायदा मिळाला नाही.

छिद्र कायमचं बंदच का करू नये

हा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात. २०१० मध्ये मोल्केंटिन यांच्या गटाने सायक्लोफिलिन डी नसलेल्या त्याच उंदरांच्या हृदयावर दीर्घकाळ ताण टाकून बघितला, म्हणजे महाधमनी आवळून दाब वाढवला किंवा पोहण्याचा व्यायाम करायला लावला. जे उंदीर अटॅकमध्ये वाचत होते ते या ताणात नॉर्मल उंदरांपेक्षा लवकर हार्ट फेल्युअरमध्ये गेले. कारण त्यांच्या मायटोकॉन्ड्रियात कॅल्शियम साठत गेलं. रोजच्या कामात हे छिद्र क्षणभर उघडतं आणि मिटतं, त्यातून जास्तीचं कॅल्शियम बाहेर जातं, आणि ती वाट बंद केली तर हृदय दुसऱ्या बाजूने मरतं. म्हणजे आपल्या पेशीला हे छिद्र आयुष्यभर हवंय, नकोय ते फक्त स्टेंटनंतरची दहा-पंधरा मिनिटं.

त्यात अडचण अशी की छिद्र नक्की कशाचं बनलंय यावर अजून एकमत नाही. आधी बाहेरचं व्हीडॅक आणि आतल्या पडद्यातलं एटीपी-एडीपीची ने-आण करणारं एएनटी मिळून बनतं असं शिकवायचे. २००४ मध्ये एएनटी काढलेल्या आणि २००७ मध्ये व्हीडॅक काढलेल्या मायटोकॉन्ड्रियातही छिद्र उघडलं, एएनटी नसताना फक्त कॅल्शियम जास्त लागलं. २०१३ मध्ये बर्नार्डी यांच्या गटाने एटीपी सिंथेजच्या जोड्यांपासून छिद्र बनतं असं मांडलं, इतरांनी त्याच यंत्राच्या सी-रिंग या फिरणाऱ्या कड्याकडे बोट दाखवलं. मग २०१७ मध्ये वॉकर यांच्या लॅबने एटीपी सिंथेजचे ते भाग एकेक करून काढले आणि तरी छिद्र होतंच. २०१९ मध्ये मोल्केंटिन यांच्या गटाकडून असं आलं की छिद्र एकापेक्षा जास्त प्रकारांनी बनू शकतं, आणि एएनटी त्यातला एक प्रकार आहे. मला हीच दिशा जास्त पटते, कारण मग सायक्लोस्पोरिन अर्धवट का चालतं हे पण त्यात बसतं. एक रस्ता अडवला तर कॅल्शियम दुसरा शोधणार.

या केसमध्ये पुढची ट्रायल मला बघायची असेल तर औषध थेट छिद्राच्या भागाला धरणारं हवं, नुसतं सायक्लोफिलिनला नाही. ते रक्त सुरू व्हायच्या आधीच पेशीपर्यंत पोचवायची काहीतरी सोय हवी, जसं की बंद जागेच्या पलीकडे कॅथेटरने सोडणं, आणि त्याचा असर तासाभरात उतरायला हवा. सोबत सक्सिनेटचं जळणं मंद करणारं दुसरं औषध, कारण कॅल्शियम आणि ऑक्सिडेटिव्ह मारा एकत्र येतात तेव्हाच छिद्र सगळ्यात सहज उघडतं. आणि पेशंट निवडताना किती तासांनी आला हे कडक बघायला हवं. सर्कसमध्ये १२ तासांपर्यंतचे पेशंट घेतले होते, आणि एवढ्या उशिरा आलेल्या हृदयात आपली ही मधल्या पट्ट्यातली पेशी बहुतेक उरलेलीच नसते, मग वाचवायचं कोणाला.